आढीजवळचं फूल

फुलं झोपतात, हे मला लोणावळ्याच्या एका डेकोरेशनवाल्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी त्याचाच राग आला. "ताई, तुमची फुलं झोपली," तो म्हणाला. मी म्हटलं, झोपली म्हणजे? लेकरं आहेत का ती? मग त्याने फोटो पाठवला. भुशीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमधलं लग्न, आणि स्टेजच्या कमानीवर माझी कार्नेशन. टेम्पोत चढवली तेव्हा छान फुललेली होती. फोटोत त्यांच्या पाकळ्या आतल्या आत मुडपल्या होत्या. वाळली नव्हती, सुकली नव्हती, देठ ताठ, पानं हिरवीगार, फक्त तोंड मिटून बसलेली. नवरी-नवरा हसत होते आणि मागे माझी फुलं तोंड फिरवून उभी.

एकदा झालं असतं तर मी उन्हावर ढकललं असतं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा तो माणूस नीटच बोलला, ओरडला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "येत्या रविवारचं मोठं लग्न आहे. तुमचीच फुलं घेतो, शब्द दिलाय म्हणून. पण ताई, ह्या वेळेला झोपली तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

दुसरीकडे म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं गाव कामशेतहून आत, वडिवळ्याच्या धरणाच्या अंगाला. घरची शेती भाताची. माझं माहेर तळेगावचं, वडील शाळामास्तर. मातीत हात घातला तो लग्नानंतर. नवरा तळेगावला कारखान्यात शिफ्टला जातो. धाकटे दीर वडगावला कचेरीत आहेत आणि तिथेच राहतात. दिवसभर घरी असतो आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. फुलांचं पॉलिहाऊस घालायचं माझ्या डोक्यात आलं ते एका प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर. जागा होती वरच्या अंगाचा एक तुकडा. तिथून धरणाचं पाणी थेट दिसतं. त्या पाण्यापायीच दिरांचा त्या तुकड्यावर डोळा. त्यांना तिथे तंबू लावायचे होते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात, शेकोटी करतात, गिटार वाजवतात, सोमवारी कचरा ठेवून जातात. आजूबाजूला सगळ्यांनी तेच केलंय आणि चार पैसे मिळवलेत, हे खोटं नाही.

मध्ये पडल्या त्या आत्या. दोन्ही लेकांना समोर बसवून म्हणाल्या, "ह्यो हंगाम तिला बघू द्या. न्हाई जमलं तर लावा तुमचं तंबू, मी काय बोलायची न्हाई." बस, एवढंच. माझी बाजू घेतेय असं तोंडावर दाखवलंसुद्धा नाही. पण पॉलिहाऊस उभं राहिलं ते त्यांच्या शब्दावर, आणि फुलं झोपू लागली तेव्हा माझ्याबरोबर त्यांचा शब्दही मांडवात मिटून पडत होता.

मला एका जागी बसवत नाही, हे माझं जुनं दुखणं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्या आठवड्यात तर मी घरात नुसती गरगरत होते. विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला. शेजारच्या बोअरचं पाणी आणून पाहिलं. खोक्यांच्या डिंकावर संशय घेतला. बादल्या घासघासून पांढऱ्या केल्या. मोठे बागायतदार फुलं काढल्याबरोबर एका महागड्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, ते आम्ही करत नव्हतो. आमचा माल इथेच लोणावळ्यात जातो, त्याला कशाला परदेशी निघाल्यासारखी तयारी, असं मी म्हणायचे. आता त्याचंही मनाला खाऊ लागलं. नवऱ्याची मोटरसायकल पॅकिंगच्या खोलीच्या दाराशी उभी असायची, तिच्या धुरावर संशय घेतला आणि गाडी उन्हात लावायला लावली. तो सीट तापली म्हणून कुरकुरला. मी म्हटलं, बस की मग पोतं टाकून. दिवसभर माझ्या तोंडून एक सरळ वाक्य निघत नव्हतं.

आणि त्यात आत्या. एरवी त्यांच्या हाताला वळण इतकं की बघत राहावं, पण त्या उन्हाळ्यात काहीतरी बिनसलं होतं. तूप कढवायला ठेवलं की करपायचं. दूध उतू जाऊन शेगडी विझायची आणि ह्या तिथेच पाटावर बसून शेंगा सोलत असायच्या. एकदा मी बाहेरून आले तर स्वयंपाकघरात गॅसचा भपकारा, बटण तसंच चालू, आणि आत्या कणीक मळतायत. मी ओरडलेच. "आत्या, लक्ष कुठे असतं तुमचं?" त्यांनी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "ऱ्हायलं ध्यान." मला वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर मला वाटलं, हिला माझ्यावर लक्ष ठेवायचं आहे म्हणून कामावर लक्ष नाही. तेवढीच जागा माझ्या डोक्यात होती तेव्हा.

आंब्याचंही तसंच. आमच्या बांधावर रायवळची दोन झाडं आहेत. एक गोटी, बारका आणि गोड. दुसरा शेप्या, त्याला शेपूच्या भाजीसारखा वास येतो. ज्याला आवडतो त्याला दुसरा आंबा गोड लागत नाही. दरवर्षी आंबे उतरवले की आत्या भाताच्या पेंढ्यात आढी घालतात. पेंढा, आंबे, पुन्हा पेंढा, वर गोणपाट. मग कुणी आढीला हात लावायचा नाही. एका सकाळी आत्या दारात उभ्या राहतात, मान जरा वर करतात, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आढी उतरली." त्या दिवशी उघडायची. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. लेक कितीही चेष्टा करोत, आईचं नाक चुकत नाही हे दोघेही पाहुण्यांना सांगतात.

त्या वर्षी मात्र आढी दोनदा चुकली. पहिल्यांदा उघडली तेव्हा आंबे कच्चे, दाताला आंबट. पुढची उघडली तेव्हा अर्धे उतरून गेलेले. आत्या म्हणाल्या, औंदा आंबाच खराब हाय, ढगाळ हवा पडली. सगळ्यांनी मान डोलावली आणि आत्यांनी तिसरी घातली. मला तर त्याची फिकीरही नव्हती. माझी फुलं झोपत होती आणि आंब्याचं काय घेऊन बसायचं?

रविवारच्या लग्नाआधी हाताशी थोडे दिवस होते. मी ठरवलं, आता अंदाज पुरे. ताजी फुलं काढली आणि घरभर ठेवली. पेल्यात, तांब्यात, जुन्या बरणीत. एक देवघरात, एक चुलीच्या खोलीत, एक न्हाणीच्या खिडकीत, एक गोठ्यात गाईपासून जरा लांब, आणि काही पॅकिंगच्या खोलीत. आत्या बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, घर हाय का फुलवाल्याचं दुकान?" मी सारखी फेऱ्या घालत होते. पेला उचल, बघ, ठेव. देवघरातलं फूल उघडं. न्हाणीतलं उघडं. गोठ्यातलंसुद्धा उघडं, त्याच्यावर दोन माश्या बसलेल्या. आणि पॅकिंगच्या खोलीतली फुलं दुसऱ्या दिवशी कडेने वळू लागली.

म्हणजे दोष त्या खोलीत होता. ती खोली घरातली सगळ्यात थंड. दगडी भिंती, एकच बारकी खिडकी, दार लावलं की बाहेरचं ऊन आत येत नाही. म्हणून तर आम्ही फुलं रात्रभर तिथे ठेवायचो. मी पुन्हा पेले भरले आणि आता त्याच खोलीत रांगेने मांडले, दारापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत. दाराजवळचं फूल टिकलं. मधलं जरा वळलं. आतल्या कोपऱ्यातलं सगळ्यांत आधी मिटलं, आणि ते असं मिटलं की बोटाने पाकळी उलगडली तरी परत वळायची.

त्या कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची चळत होती. चळतीमागे गोणपाट. गोणपाटाखाली आढी.

मी तिथे उभी राहिले आणि मला माझंच हसू आलं, मग घाम फुटला. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलेलं होतं. स्पष्ट सांगितलेलं. पिकणारी फळं आणि फुलं एका खोलीत ठेवायची नाहीत, फळातून एक वायू निघतो, इथिलीन, आणि फुलाला तो कळतो. सांगणाऱ्याने उदाहरण दिलं सफरचंदाचं, केळ्याचं, कोल्डस्टोरेजच्या गाडीचं. मी मान डोलावली होती. आमच्या घरात सफरचंद येतं ते कुणी आजारी पडलं तर. आढी म्हणजे फळ, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आढी म्हणजे आढी. ती घरात असते, जशी जातं असतं, जशी चूल असते. त्या वर्षी आत्यांनी ती माळ्यावरून खाली आणली होती, कारण पत्रा फार तापत होता, आणि आणताना मीच दुसऱ्या बाजूने टोपलं धरलं होतं.

नंतर मी ह्या गोष्टीबद्दल मिळेल ते वाचलं, दुपारी सगळे झोपलेले असताना, मोबाइलवर. झाडांना नाक नाही, पण हवेतली खबर त्यांना लागते. अळीने एक पान कुरतडलं तर त्यातून वास सुटतो, आणि शेजारची काही झाडं तो ओळखून आपली पानं आधीच कडवट करून ठेवतात. आंब्याचा तो वायूही खबरच आहे. एक आंबा पिकायला लागला की तो सोडतो, आणि शेजारचा आंबा पिकायच्या तयारीला लागतो. म्हणून तर आढी. पण त्याच खोलीत कार्नेशन असेल तर तिलाही ती खबर पोचते, आणि ती समजते की आपलं फुलायचं काम झालं, आता मिटायचं. मग ती स्वतःही तोच वायू सोडू लागते. बैठकीत एकाने जांभई दिली की ओळीने सगळे देतात, तसं. मला हे वाचून कौतुक वाटायला हवं होतं. मला बेचैनच वाटलं. आपण बंद खोलीत फुलं ठेवून निवांत झोपतो आणि आत रात्रभर इतकं बोलणं चालू असतं, आणि आपल्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी मी खोकी बाजूला फेकली आणि गोणपाट ओढलं.

वास असा आला की मी दोन पावलं मागे सरकले. वरचे आंबे पिवळे होते, खालचा थर गेला होता. काळे पडलेले, रस पाझरून पेंढा चिकट झालेला. मी ओढणी नाकाला लावली. आवाज ऐकून आत्या आल्या. खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी नासके आंबे वेचून घमेल्यात टाकू लागल्या. त्यांचं तोंड आढीपासून वीतभरावर. पदर खांद्यावरच. एक आंबा हातातच फुटला, रस मनगटावरून ओघळला, आणि त्यांनी तो हात तसाच नाकाजवळून नेऊन कपाळावरचे केस मागे सारले. नाक मुरडलं नाही. काहीच केलं नाही.

मी बघत राहिले. करपलेलं तूप आठवलं. तो गॅस आठवला.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही का?"

त्यांचे हात थांबले नाहीत. आणखी दोन आंबे घमेल्यात पडले. मग म्हणाल्या, "न्हाई."

"कधीपासून?"

"थंडीत ताप आला व्हता ना. तवापासनं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हनत्याल म्हतारी झाली. चुलीपासनं उटवत्याल. पोरं म्हनत्याल, आईचं आता काय खरं न्हाई. मंग माज्या शबदाला कोन इचारतंय?" हात पेंढ्याला पुसत त्यांनी जरा दम घेतला. "आंबं बोटानं दाबून बघत व्हते. पन बोटाला कळंना ते."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागच येतो, तसा आला. गॅस चालू राहिला होता, घर पेटलं असतं, हे मी ओरडून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या मिटलेल्या फुलाकडे बोट दाखवलं. रांगेने मांडलेले पेले त्यांनी पाहिले होते, त्या काही भोळ्या नव्हत्या.

"ह्ये आढीमुळं झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. डिंकावर ढकलता आलं असतं. पण त्यांनी आत्ताच मला एवढं मोठं खरं सांगितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "आंब्यातून वायू निघतो. फुलांना तो कळतो."

"मंजी त्यास्नी कळतंय आन मला न्हाई," आत्या म्हणाल्या. एवढं बोलून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "उचल मंग आढी आधी. रडाय येळ हाय. लगीन रईवारी हाय ना?"

दोघींनी मिळून ती आढी मागच्या पडवीत नेली, घरापासून लांब. खोली धुतली, खिडकी उघडी टाकली, पंखा लावून ठेवला. शनिवारी फुलं काढली आणि त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की घरात कुणी फळ आणलं तर मी त्याला फळासकट बाहेर काढीन. आत्यांचं मी काही सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, हे त्यांचं होतं. फक्त गॅसचं बटण मी स्वतः बंद करू लागले, आणि घरात शिरताना वास घेऊनच शिरायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही.

रविवारी मी फोन हातात घेऊन अंगण तुडवलं. दीर आले होते. जेवताना म्हणाले, "वैनी, ह्या टायमाला काय झालं तर मंग आपलं ठरल्यापरमानं." आत्या त्यांना वाढत होत्या. त्यांच्या हातातली पळी जरा थबकली, एवढंच. संध्याकाळी फोटो आला. पांढरी आणि गुलाबी फुलं, पाकळीन् पाकळी उघडी. खाली डेकोरेशनवाल्याने लिहिलं होतं, पुढच्या लग्नाचंही बघा. मी फोन आत्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चष्मा नव्हता, तरी त्यांनी बराच वेळ पाहिला. दिरांनी तंबूंचा विषय त्या हंगामापुरता सोडला. "बघू पुढच्या साली," म्हणाले.

पुढच्या साली आंबे उतरवले तेव्हा आढी थेट मागच्या पडवीतच घातली. पेंढा रचून झाल्यावर आत्या माझ्याकडे आल्या. हातात स्टीलचा पेला. म्हणाल्या, "एक फूल दी. चांगलं उगाडलेलं."

"कशाला?"

"दी तर."

मी दिलं. त्यांनी पेल्यात पाणी घातलं आणि तो आढीला चिकटून ठेवला, गोणपाटाच्या कडेखाली. तेव्हा मला कळलं, आणि मी गोणपाटाचं टोक उचलून धरलं. रोज सकाळी त्या पडवीत जायच्या, गोणपाट उचलायच्या, बघायच्या, परत यायच्या. फूल मिटलं तरी आढी लगेच उघडली नाही. पहिल्या आढीला त्यांनी हिशोब बसवला, फूल झोपल्यावर आंबा किती दिवसांनी तयार होतो त्याचा. पुढच्या आढीला दोन्ही लेक घरी होते. सकाळचा चहा चालला होता. आत्या दारात उभ्या राहिल्या, मान जरा वर केली, आणि म्हणाल्या, "आढी उतरली."

आंबे निघाले. असे निघाले की दिरांनी पहिला तिथेच उभ्याने चोखला. "आईचं नाक म्हंजी नाक," नवरा म्हणाला. "कळतंय कसं तुला?"

"कळतंय," आत्या म्हणाल्या.

मी गुपचूप पडवीत जाऊन पेला उचलला. मिटलेलं फूल उकिरड्यावर टाकलं, पेला विसळला. परत आले तर लेक अंगणात गेले होते आणि आत्या एकट्याच उंबऱ्यावर बसल्या होत्या, हातात शेप्या. त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग डोळे उघडून मला हाक मारली.

"हितं ये. बस."

बसले. त्यांनी आंबा माझ्या नाकासमोर धरला.

"सांग मला," त्या म्हणाल्या. "कसा येतोय?"

मी वास घेतला. आधी काय सांगावं ते सुचेना, शेपूसारखा एवढंच तोंडात आलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या. मला एका जागी बसवत नाही. पण त्या दिवशी मी तिथेच बसले, पुन्हा पुन्हा वास घेतला आणि त्यांना सांगत राहिले.